दुसरा काळा चिंचोका

जनाबाईंनी ओसरीवर सहा चिंचोके मांडले. वर दोन जोड्या, खाली एक. मग माझ्याकडं न पाहताच म्हणाल्या, "बस व बाई. मले शिकवलं तूनंच, आता उत्तर बी तूच दे."

मी बसले नाही. सायकल अजून माझ्या हातात होती. मागच्या कॅरिअरला बर्फाचा थर्मास आणि तपासणीची पेटी बांधलेली होती. मला पुढच्या टोल्यावर, म्हणजे पुढच्या वस्तीवर जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर या घरासमोरून मान खाली घालून निघून जायचा माझा विचार होता.

"ही शेवंता," जनाबाईंनी पहिल्या जोडीवर बोट ठेवलं. "एक पांढरा, एक काळा. बराबर?"

"हो."

"हा माहा लेक, केवळ. दोन्ही पांढरे. कार्ड तूनंच आनून देल्लं काल."

"हो आजी, पण…"

"अन् ही मयुरी." खालचे दोन्ही चिंचोके काळे होते. त्यातला एक त्यांनी उचलला आणि शेवंताच्या जोडीकडं सरकवला. "हा मायकडून आला. समजलं." मग दुसरा उचलून माझ्यासमोर धरला. "हा कोनाचा? तेवढं सांग."

दारात त्यांची सून शेवंता उभी होती. तिच्या कडेवर सहा वर्षांची मयुरी होती. एवढी मोठी पोर कडेवर, कारण दोन दिवस तिचे गुडघे सुजलेले होते आणि खाली ठेवलं की ती रडायची. शेवंताच्या पायाशी नायलॉनची पिशवी भरून ठेवलेली होती.

"भावाले फोन केला म्या," जनाबाई म्हणाल्या. "चारच्या यष्टीनं येते. हिले अन् पोरीले घेऊन जाईन. मंग फारकतीचं पाहू."

अंगणाच्या कडेला शेजारच्या तीन-चार बाया उगाच सूप पाखडत बसल्या होत्या. सुपात काही नव्हतं.

हे सगळं बावीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, दहावी नापास, आणि आमच्या भागातल्या बारा टोल्यांवर सिकलसेलची कार्यकर्ती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाकून दिलेलं एक फाटकं पुस्तक मी तीन पावसाळे वाचत होते. पहिल्या पावसाळ्यात चित्रं पाहिली, दुसऱ्यात शब्द लागले, तिसऱ्यात वाटायला लागलं की आपल्याला सगळं कळलं. माणसाची हीच वेळ सगळ्यात धोक्याची असते, पण ते पुस्तकात नव्हतं.

रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंगात अडकून बसतात, सांधे फुटायला येतात, हे लोकांना समजायचं. पण आई धडधाकट, बाप धडधाकट, मग पोराला कुठून आलं, हे काही केल्या समजायचं नाही. म्हणून मी चिंचोके काढले. पाट्यावर घासून काही पांढरे केले, काही तसेच काळे ठेवले. प्रत्येक माणसाकडं दोन. आई आपल्यातला एक देते, बाप आपल्यातला एक देतो. एकच काळा असेल तर माणूस ठणठणीत, नुसता वाहक. दोन्ही काळे आले तर दुखणं. बाया पटापट शिकल्या. आणि सगळ्यांत लवकर शिकल्या त्या जनाबाई. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "म्हंजे दोघंबी देल्याशिवाय होत नाई." मी इतकी खूश झाले की आठ टोल्यांवर त्यांचं उदाहरण सांगितलं.

रक्ततपासणीचं शिबिर तीन आठवड्यांपूर्वी झालं होतं, मोठ्या गावच्या शाळेत, बाजाराच्या दिवशी. मी आणि एक नवीन नर्स, दोघींनी मिळून दोनशेच्या वर बोटं टोचली. ज्यांच्या रक्तात काही निघालं त्यांचं रक्त पुढच्या तपासणीला जिल्ह्याला गेलं. काल कार्डं आली. आमच्याकडं तेव्हा लाल म्हणजे आजार, पिवळं म्हणजे वाहक, पांढरं म्हणजे काही नाही. मयुरीचं लाल, शेवंताचं पिवळं, केवळरामचं पांढरं. मी तिन्ही कार्डं याच ओसरीवर हातात दिली आणि निघाले. घाईत होते, असं मी इतकी वर्षं सांगत आले.

"आजी," मी म्हणाले, "तपासणी कधीकधी चुकते."

"तूच म्हनली होती, चुकत नाई म्हनून."

"चिंचोके चुकत नाहीत. माणसं चुकतात. औषध गरम झालं असेल, नळी धुतलेली नसेल. मी केवळरामची परत करते. आत्ता. सामान आहे माझ्याजवळ."

"अन् परत पांढराच आला तं?"

दारातून शेवंता म्हणाली, "तं मी जाईन. काढा ताई तुमी."

"मोठी आली सांगनारी," जनाबाई फुत्कारल्या.

"आत्याबाई, मी नाई म्हनतच नाई ना. काढू द्या. चारले अजून दीड घंटा हाय."

तिचा आवाज अगदी सरळ होता. सूपवाल्या बायांपैकी एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. मी पेटी ओसरीवर ठेवली आणि केवळरामला आणायला निघाले.

केवळराम गेडाम भाताच्या गिरणीत पोती वाहायचा. पण पंचक्रोशीत त्याला ओळखायचे ते सापांसाठी. कुणाच्या चुलीमागं नाग निघाला, की केवळला बोलवा. हा लुंगी खोचून यायचा, काठीबिठी काही नाही, दोन बोटांत मानगूट धरायचा आणि पिशवीत घालून जंगलात सोडून यायचा. पोरं त्याच्यामागं मिरवणुकीसारखी चालायची. साडेपाच फूट उंच, खांदे दरवाज्याएवढे, आणि बोलणं अगदी कमी.

गिरणीच्या मागं कोंड्याच्या ढिगाजवळ तो बिडी ओढत बसला होता. मला पाहून त्यानं बिडी विझवली.

"घरी चला," मी म्हणाले. "परत रक्त घ्यायचं आहे."

"एकडाव देल्लं ना, ताई."

"परत लागतं."

"कायले? पांढरं कार्ड आलं. बेस झालं."

"बेस?" मला संताप आला. "घरी काय चाललंय माहीत आहे ना तुम्हाला?"

तो कोंड्याकडं पाहत राहिला. "माय सकाळपासून बडबड करून रायली. तिची सवयच हाय थे."

"आणि तुम्ही?"

"मी इकडं आलो."

मी एकदम थंडावले. मला वाटलं, याचाही विश्वास बसलाय. बायकोबद्दल जे आई म्हणते ते यालाही पटलंय, आणि पुन्हा तपासून तेच समोर यायला नको म्हणून हा नको म्हणतोय. असा नवरा मी पाहिलेला नव्हता असं नाही. बहुतेक असेच असतात.

"केवळरामभाऊ, शेवंताचा भाऊ चारच्या यष्टीनं येतोय."

"पोरीले दवाखान्यात न्यायले."

"कोण म्हणालं?"

"माय म्हनली."

"दवाखान्यात नाही. कायमचं न्यायला येतोय. पिशवी भरून ठेवलीय तिनं. तुमची आई फारकत म्हणतेय, चार बायांसमोर."

त्यानं वर पाहिलं. माणसाच्या तोंडावरून रक्त उतरतं असं आपण म्हणतो, ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. तो उठला. अंगावरचा कोंडासुद्धा झटकला नाही. माझ्यापुढं वीस पावलं चालत राहिला, न बोलता. मध्ये एकदाच थांबला आणि मागं न वळता विचारलं, "किती मोठी असते थे सुई?"

"सुई नाही. पातं आहे बारीक. मुंगी चावल्यासारखं."

"हो," तो म्हणाला, आणि पुन्हा चालायला लागला. मी त्या प्रश्नाचा अर्थ लावायला हवा होता. पण मला तेव्हा सगळं कळत होतं ना.

अंगणात आता सूपवाल्या बाया सात झाल्या होत्या. मी ओसरीवर स्वच्छ फडकं पसरलं, थर्मासमधून औषधाची बाटली काढली, काचेची नळी काढली. एक जाड कागद भिंतीला टेकवून उभा केला. त्या कागदावर काळ्या शाईच्या आडव्या ओळी छापलेल्या होत्या.

"हे सगळ्यांनी पाहा," मी म्हणाले. "रक्ताचे थेंब औषधात टाकायचे. पाच मिनिटं थांबायचं. मग नळी या कागदासमोर धरायची. नळीतून पलीकडच्या ओळी दिसल्या, तर रक्तात काही नाही. ओळी नाही दिसल्या, गढूळ झालं, तर काळा चिंचोका आहे."

"दिसल्या म्हंजे पांढरा," जनाबाईंनी घोकलं. "नाई दिसल्या म्हंजे काळा. बराबर. टोच."

केवळराम माझ्यासमोर पाटावर बसला. "हात," मी म्हणाले. त्यानं डावा हात पुढं केला आणि मान पार उजवीकडं वळवली.

मी तो हात हातात घेतला आणि उचललेलं पातं परत फडक्यावर ठेवलं.

त्या हातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत जुन्या दातांच्या खुणा होत्या, धामणींच्या, कुत्र्यांच्या, एका मुंगसाची तर पूर्ण अर्धचंद्राकार. असा हात एकदा धरला की विसरता येणार नाही. मी हा हात कधीच धरलेला नव्हता. शिबिरात संध्याकाळी, शाळा रिकामी होत आली असताना, एक हसतमुख बारीक माणूस आला होता. "लिहा, केवळराम गेडाम, पिंपळटोला." मी विचारायच्या आधीच बोट पुढं. नर्सला मी म्हणालेसुद्धा, पाहा, असे पुरुष हवेत. मी केवळरामला तोवर नावानंच ओळखत होते. त्याच्या टोल्यावर मी यायचे तेव्हा तो गिरणीत असायचा. काल ओसरीवर त्याला पाहिलं, पण दोनशे तोंडांत शिबिरातलं तोंड मला आठवलंच नाही.

मी खाली वाकले, कापसावर स्पिरिट घेतल्यासारखं केलं आणि हळूच विचारलं, "शिबिरात कोण आलं होतं?"

त्याचे ओठ हलले. "जवाई. माह्या बहिनीचा मालक, रामाजी." मग अजून हळू, "सांगू नका ताई."

त्याचं बोट बर्फासारखं गार होतं आणि थरथरत होतं. नागाचं मानगूट धरणारं तेच बोट.

एका क्षणात माझ्या डोक्यात किती गोष्टी आल्या, त्याची आज लाज वाटते. पहिली शेवंताची नव्हती. पहिली होती माझी. नाव न पडताळता रक्त घेतलं हे कळलं तर माझं काम जाणार. अकरा महिन्यांची ऑर्डर असायची आमची, मे महिन्यात नवी मिळायची. मी सहज म्हणू शकत होते की औषध खराब निघालं. केवळरामची अब्रू राहिली असती, माझी राहिली असती. आणि मग दुसरी गोष्ट आली. याचं रक्त पहिल्यांदाच तपासलं जाणार होतं. म्हणजे ओळी दिसणार की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलासुद्धा नाही.

मी टोचलं.

"आई गं…" एवढंच म्हणून केवळराम मागं गेला. खांबावर डोकं आपटलं आणि तिथंच घसरला. डोळे पांढरे.

"अगे माय, मेला का काय!" एक बाई ओरडली.

"पानी आना! कांदा आना!"

"मेला नाही," मी म्हणाले. त्याचं बोट मी सोडलेलं नव्हतं. आडव्या पडलेल्या माणसाच्या बोटातून मी थेंब दाबून काढले आणि नळीत सोडले. नळी हलवली. लाल रंग औषधात उतरला. मनगटावरच्या घड्याळात तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती.

जनाबाई लेकाच्या तोंडावर पाणी मारत होत्या. "याले काय झालं व? भुकेला हाय का? ए केवळ!"

केवळरामनं डोळे उघडले, पण उठला नाही. शेवंता दारातून हललीच नव्हती. मयुरीला तिनं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. ती नवऱ्याकडं पाहत नव्हती. नळीकडं पाहत होती.

पाच मिनिटं म्हणजे काय असतं हे घड्याळाला कळत नाही. मी पहिल्या मिनिटाला नळी पाहिली. लाल. दुसऱ्या मिनिटाला कोंबडी ओसरीवर चढली, तिला कुणी हाकललं नाही. तिसऱ्याला अंगणाच्या फाटकाशी चपला वाजल्या. पांढरा सदरा, खांद्याला शबनम, चाळिशीचा माणूस. शेवंताचा थोरला भाऊ दामोदर. चारच्या यष्टीचं सांगितलेलं, पण काळजीनं तीनच्याच जीपनं आला होता.

"राम राम," तो म्हणाला, आणि मग जमिनीवर पडलेला केवळराम, पाणी, बाया, आणि माझ्या हातातली लाल नळी पाहून फाटकातच थांबला. "काय होवून रायलं?"

"थांब दादा," शेवंता म्हणाली. "दोन मिनिटं थांब. बस तिथं."

तो बसला नाही. बहिणीजवळ जाऊन उभा राहिला.

तीन तेवीस. मी नळी उचलली. दोन्ही हातांनी धरली. कागदासमोर नेली. जनाबाई माझ्या खांद्यावरून वाकल्या. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. तंबाखूचा वास.

ओळी दिसत होत्या का? मला एक क्षण वाटलं, दिसतायत. पुसट, पण आहेत. मग मी डोळे मिटून उघडले. नळीच्या डावीकडं ओळी होत्या, उजवीकडं ओळी होत्या. मधे, नळीमागं, नुसतं गढूळ लाल पाणी. ओळी त्यात शिरत होत्या आणि संपत होत्या.

"नाई दिसत," जनाबाई म्हणाल्या. आधी हळू. मग मोठ्यानं. "नाई दिसत! काळा हाय! केवळचा काळा हाय!"

बायांनी एकदम बोलायला सुरुवात केली. दामोदरला काही कळेना. शेवंतानं फक्त डोळे मिटले आणि चौकटीला डोकं टेकवलं.

"मंग पयलं कार्ड पांढरं कसं?" जनाबाईंनी माझा दंड धरला. "बोल. पांढरं कसं आलं?"

मी तोंड उघडलं. औषध खराब होतं, हे शब्द जिभेवर तयार होते.

"थो मी नव्हतो, माय."

केवळराम खांबाला टेकून बसला होता. डोक्यावरून पाणी निथळत होतं. "माह्या जागी रामाजी जवाई गेला होता. मीच धाडलं त्याले. मले सुईचं भेव वाटते."

कुठूनतरी एक बारीक खिक्क असा आवाज आला, आणि त्याच्यामागं दुसरा.

"सुईचं?" जनाबाई म्हणाल्या. "नागाले हातानं धरते अन् सुईचं?"

"नाग दिसते ना. सुई आत जाते."

आता बाया उघड हसायला लागल्या. जनाबाईंनी पायातली चप्पल काढली आणि लेकाच्या खांद्यावर दोन हाणल्या, तोही बिचारा मुकाट खात राहिला. मला वाटलं, हसण्यात सगळं निघून चाललंय, आता काही बोलायची गरज नाही. माझी चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

"आणि मी विचारलं नाही," मी म्हणाले. "समोर कोण बसलंय ते मी पाहिलं नाही. नाव सांगितलं, मी लिहून घेतलं. चूक माझी आहे. मी हे आज दवाखान्यात सांगणार आहे."

हसणं थांबलं. जनाबाईंनी चप्पल खाली टाकली आणि माझ्याकडं पाहिलं. मग ओसरीवरच्या चिंचोक्यांकडं. त्या खाली बसल्या. केवळच्या जोडीतला एक पांढरा उचलून फेकून दिला आणि मयुरीचा काळा तिथं ठेवला. मग पदरात हात पुसला आणि बोट माझ्यासमोर धरलं.

"माहं घे."

"आजी, तुमचं कशाला?"

"याले कुठून आला मंग? याचा बाप तं गेला. मीच उरलो. घे."

मी घेतलं. त्यांनी बोट मागं ओढलं नाही, पापणीसुद्धा हलवली नाही. पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा ओळी गेल्या.

जनाबाईंनी मान हलवली. जणू त्यांना हे ठाऊकच होतं. "केवळच्या आधी दोन होते माहे," त्या म्हणाल्या. मला नाही, चिंचोक्यांना. "एक पोरगा, एक पोरगी. पाय धरून रडत. पोरगी पाच वर्साची झाली, पोरगा आठ. सासू म्हने, तुही कूसच नासकी हाय. मले एक वरीस माहेरी ठेवलं होतं." बोटावरचा कापूस त्यांनी घट्ट दाबला. "बाई, त्याईलेबी हेच होतं का?"

"आता सांगता यायचं नाही, आजी. पण असू शकतं. आणि असलं, तर एक काळा त्यांच्या वडिलांचापण होता. एकट्या तुमचा नाही."

"दोघं देल्याशिवाय होत नाई," त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या तशाच शब्दांत. मग त्या उठून आत गेल्या. शेवंताजवळून जाताना थांबल्या. मयुरीच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गेल्या.

मी सामान आवरलं. बाया पांगल्या. दामोदर आणि केवळराम अंगणात समोरासमोर उभे होते, आणि दोघांनाही हात कुठं ठेवावे कळत नव्हतं. मी सायकलला पेटी बांधत असताना शेवंता फाटकाशी आली.

"ताई, एक विचारू का?"

"विचार ना."

"काल कार्डं देताना तुमी मयुरीच्या तोंडाकडं पाह्यलं. मंग याच्या तोंडाकडं. अन् मंग माह्याकडं पाह्यलं."

माझ्या हातातली दोरी सैल झाली.

"आत्याबाईनं चिंचोके रातच्याला काढले," ती म्हणाली. "पयले तुमचं पाहनं पाह्यलं. मंग काढले."

काल घरी गेल्यावर भाकरी थापताना मी नवऱ्याला म्हणालेही होते, पिंपळटोल्यातली ती शेवंता, किती सोज्वळ दिसते नाही. तो म्हणाला, मग? मी म्हणाले, काही नाही. आणि मला त्यात थोडी गंमतसुद्धा वाटली होती, की लोकांना जे दिसत नाही ते मला दिसतं.

"शेवंता, मला माफ कर."

"मी तशी नव्हतो म्हनून ओळी नाई दिसल्या," ती म्हणाली. "पन त्याचं रगत तसं नसतं निघालं, दवाई खराब असती, तं? तं मी तशीच होतो का तुमच्यासाठी?"

मी उत्तर दिलं नाही. आजही दिलेलं नाही. त्या दिवशी दवाखान्यात जाऊन मी सगळं लिहून दिलं. माझी मे महिन्याची ऑर्डर निघाली नाही. दीड वर्षानं डॉक्टर बदलले तेव्हा परत घेतलं. त्या दीड वर्षात मी लोकांची शेतं निंदली आणि ते फाटकं पुस्तक पहिल्या पानापासून परत वाचलं. तेव्हापासून कार्ड देताना मी कागदाकडं पाहते. एकेकट्याला बोलावून, दार लोटून देते. आणि समोर बसलेला माणूस कोण आहे ते त्याच्या आईचं नाव विचारून पडताळते, मग कितीही रांग असो.

त्या दिवशी, माझ्याशी बोलून झाल्यावर, शेवंतानं दारातली पिशवी उचलली.

"कुठं चालली?" केवळराम एकदम पुढं आला. "आता तं समदं झालं ना. माय काई बोलत नाई आता."

"मले कोनी धाडून नाई रायलं," शेवंता म्हणाली. "मी जाऊन रायलो. आठ रोज. पोरीले दादाच्या गावच्या मोठ्या दवाखान्यात दाखवतो. भात झाकून ठेवला हाय, आत्याबाईले वाढजा."

"मी येतो संगं."

"तिथं सुया असतात," ती म्हणाली, आणि भावाच्या मागं निघाली. मयुरी तिच्या खांद्यावरून बापाकडं पाहत राहिली.

पुढच्या आठवड्यात, पेटी दवाखान्यात जमा झाली होती तरी मला त्या टोल्यावरून जावं लागत होतं. आठव्या दिवशी केवळराम चारच्या यष्टीसाठी फाट्यावर उभा होता, धुतलेला सदरा घालून. नवव्या दिवशीही होता. दहाव्या दिवशी त्यानं माझ्याकडं पाहून मान खाली घातली. कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं कापूस लावलेला होता. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात स्वतः जाऊन नळीभर रक्त देऊन आला होता, कुणी न सांगता.

ती अकराव्या दिवशी आली. यष्टीतून आधी मयुरी उतरली, स्वतःच्या पायांनी. मग शेवंता. केवळरामनं पिशवी घेतली आणि तिघं पाऊलवाटेनं निघाले. तिनं आठ रोज सांगितले होते. वरचे तीन कशाचे, ते त्या घरात कुणीही विचारलं नाही.